परांचीवरचा कहवा

ओमानहून परतल्यावर आमच्या आळीत मला तीनच प्रश्न विचारले गेले. सोनं स्वस्त आहे का, खजूर आणलेस का आणि उंट पाहिलास का. नाही, हो, आणि पाहिला. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मीच पुढे सरकलो. बंदुकांबद्दल मात्र कोणी काही विचारलं नाही, म्हणून मीच सांगायला बसलोय.

मी एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. कुडाळ आगारात उभ्याने आयुष्य काढलं, त्यामुळे परदेशात जायचं म्हटल्यावर मला पहिली चिंता बसायला जागा मिळेल का हीच वाटली. माझा धाकटा भाऊ नंदू बरीच वर्षं खाबुऱ्यात आहे. मस्कतहून किनाऱ्याकिनाऱ्याने वर गेलं की सोहारच्या अलीकडे हे गाव लागतं. तिथे सालिम नावाच्या गृहस्थाचं लग्नघरांना दिव्यांची रोषणाई करून देणारं दुकान आहे. सालिम हा नंदूचा अर्बाब, म्हणजे मालक. त्याच्या मुलाचं, यूसुफचं लग्न ठरलं आणि त्याने नंदूच्या थोरल्या भावालाही बोलावणं धाडलं. तिकीट नंदूने काढलं.

निघताना नंदूच्या बायकोने, शुभांगीने, मला एक काम सांगितलं. "भावोजीनू, परत येताना तेंका घेवनच येवा."

कारण असं. आदल्या वर्षी एका लग्नात नंदू शिडीवर चढून दिव्यांची माळ बांधत होता. खाली कोणीतरी आनंदाच्या भरात हवेत बार काढला. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येणारच. ती नंदूच्या हाताशेजारी आली आणि माळेतले दिवे फुटून काचा त्याच्या डोक्यावर पडल्या. लागलं काहीच नाही. पण तेव्हापासून तो शिडीच्या दुसऱ्या पायरीवर गेला की घामाघूम व्हायचा. वरची कामं दुकानातला सोबती करायचा आणि नंदू खाली उभा राहून हात वर करून दाखवायचा. रोषणाईवाल्याला वर चढता येईना म्हणजे खारव्याला पाण्याची भीती वाटण्यासारखं झालं. त्याने मनाशी ठरवलं होतं: यूसुफला त्याने अंगाखांद्यावर खेळवलेलं, त्याच्या लग्नाच्या माळा स्वतःच्या हाताने लावायच्या. तेही जमलं नाही तर नोकरी सोडून गावी परत.

खाबुरा

पहिल्याच सकाळी माझी फजिती झाली. समुद्रावर फिरायला गेलो आणि बघतो तर सूर्य पाण्यातून वर येतोय. आम्हा कोकणातल्या माणसांना सूर्य समुद्रात बुडताना बघायची सवय. मी घड्याळ पुन्हापुन्हा बघितलं, मग शेजारी जाळं सोडवत बसलेल्या म्हाताऱ्याकडे बघितलं. तो हसला. बहुधा त्याला माझ्यासारखे येडे रोज भेटत असावेत.

बाकी सगळं ओळखीचं निघालं. वाळूवर सुकत घातलेल्या तारल्यांचा वास तर इतका आपला की डोळे मिटले असते तर मी वेंगुर्ल्याला पोहोचलो असतो. माडांच्या जागी खजुरी, मध्येमध्ये लिंबाची आणि आंब्याची झाडं. नंदूच्या खोलीवर सुरमईची कढी झाली. नारळ डब्यातला होता, ते मी भावाला दाखवून दिलं आणि तरी तिसऱ्यांदा भात घेतला.

जेवण झाल्यावर दोन ओमानी आले. खमीस आणि हमद, सख्खे चुलतभाऊ, तिशी ओलांडलेले. खमीस गोल चेहऱ्याचा आणि बडबड्या. हमद सडपातळ, त्याचा डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. दोघं एकमेकांशी भांडतच आत आले. गाडी कोणी वाकडी लावली यावरून ते चाललं होतं.

नंदूने मला त्यांची गोष्ट सांगितली. विशीत असताना एका लग्नात खमीसने हवेत बार काढला आणि ती गोळी हमदच्या खांद्यात उतरली. कायदा आहे, दंड आहे, पोलीस आहेत. पण लग्नाच्या ऐन भरात कायदा कुणाला आठवतो? म्हणून हे दोघं आता लग्न ठरलं की त्या घरी आधीच जाऊन बसतात. ज्याने गोळी झाडली तो आणि ज्याला लागली तो, एकाच सतरंजीवर. हळूहळू आणखी काही जण त्यांना येऊन मिळाले, बहुतेक सगळे एकेकाळचे हौशी बारवाले.

"मग तिथे भाषण करता?" मी हिंदीत विचारलं.

"भाषण करेगा तो बंदूक पहले हम पे चलेगा," खमीस म्हणाला.

मला हे पटलं. एसटीत मारामारी जुंपली की कंडक्टरच्या ओरडण्याने ती कधी थांबत नाही. शेजारच्या सीटवरचा माणूस तापलेल्याच्या खांद्यावर हात ठेवून "ए बाळ्या, बस रे" म्हणतो, तेव्हा थांबते.

तरी मी त्यांना आमच्याकडचं सांगितलं. माझ्या काकांकडे ठासणीची बंदूक होती, रानडुकरांपासून शेत राखायला. निवडणूक आली की ती ठाण्यात जमा करायची आणि सासरी पाठवलेल्या मुलीची करावी तशी काका तिची काळजी करायचे. हे ऐकून हमद इतका हसला की खमीसने त्याला पाणी दिलं.

इब्री

नवरी इब्रीची. खाबुऱ्याहून डोंगरातून रस्ता जातो. वळणं अशी की मी, जन्मभर फोंडा घाट उतरलेला माणूस, गाडी थांबवून बाहेर जाऊन आलो. खमीसने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि हमदने लिंबू कापून दिलं. कंडक्टरला गाडी लागली हे कुडाळात कळू नये अशी इच्छा होती, पण नंदूने तिथल्या तिथे व्हॉट्सअॅपवर घालून टाकलं.

नवरीच्या भावांची आणि चुलतभावांची मोठी बैठक भरली होती. भिंतीवर बंदुका टांगलेल्या, काहींच्या दांड्यावर चांदीच्या पट्ट्या. आमच्याकडे दसऱ्याला शस्त्रं पूजेला लावतात तशा त्या दिसत होत्या आणि खरं सांगायचं तर सुंदर दिसत होत्या. भातावर ठेवलेलं बकऱ्याचं मटण आलं, एकाच परातीतून सगळ्यांनी खायचं. माझ्यापुढच्या बाजूला यजमान सारखे चांगले तुकडे सरकवत होते. आग्रहाच्या बाबतीत मालवणी माणसाने इथे येऊन शिकावं.

खमीस बंदुकांचं नावही काढेना. तंबूचे खांब कुठे रोवायचे ते बघून आला, कुणाच्या उंटाची चौकशी केली, पोरांच्या फुशारक्या ऐकल्या. मग एकाने हमदला वरच्या फळीवरचं जड अत्तरदान काढायला सांगितलं.

"मुझसे नहीं होगा. इसको बोलो," हमद खमीसकडे बोट दाखवून म्हणाला. "इसने ये हाथ नीचे उतारा, अब ये ही सब ऊपर का सामान उतारता है."

त्याने हे अरबीतही सांगितलं. सगळे हसले, आणि मग थांबले. खमीसने अत्तरदान काढून दिलं आणि खाली बसून ती संध्याकाळ सांगितली. नंदू माझ्या कानात सांगत होता. आपण मित्रांपुढे कसे ऐटीत उभे होतो, बार काढल्यावर किती छान वाटलं आणि लगेच हमद कसा खाली बसला. हमद मधूनमधून त्याच्या चुका सुधारत होता. "तू तेव्हा रडलास, ते सांग ना," असं तो म्हणाला.

पुढे खमीसने विचारलं, तुमच्यात सगळ्यात हौशी कोण? सगळ्यांनी एका दाढीवाल्याकडे बोट केलं. आणि याचा जिवलग कोण? दुसरा एक जण पुढे आला. ठरलं ते एवढंच. लग्नाच्या दिवशी जिवलग दाढीवाल्याच्या शेजारी उभा राहील. बंदुका येतील, नाचात फिरतील, काडतुसं घरी राहतील. दाढीवाल्याचा हात शिवशिवला की जिवलग त्याला ओढून नाचात नेईल. दाढीवाला लाजला, चक्क लाजला. उठताना त्याने हमदच्या त्या खांद्यावर हलकेच हात ठेवला, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता सगळे तयार झाले ना?" गाडीत मी विचारलं.

"एक बाकी है," खमीस म्हणाला. "सबसे बड़ा वाला."

आजोबांची बैठक

बाकी राहिलेले म्हणजे सालिमचे वडील, सईद आजोबा. त्यांचं म्हणणं होतं की माझ्या लग्नात माझ्या आजोबांनी बार काढले, नातवाच्या लग्नात मी काढणार. बाराशिवाय नवरदेव घराबाहेर पडला तर लोकांना वाटेल पोरगा चोरून लग्न करतोय. खमीस आणि हमद त्यांच्याकडे खेटे घालून दमले होते. आजोबा त्यांना प्रेमाने खाऊपिऊ घालायचे आणि मूळ विषय आला की त्यांना ऐकू यायचं बंद व्हायचं.

आणि नंदूने मला साफ सांगून टाकलं होतं. "दादा, पोरांचा मी मानतंय. पन आजोबांची बंदूक भरलेली आसली तर माका वर चढूक जमणा नाय."

त्या दिवशी मी नुसता पाहुणा म्हणून गेलो होतो. आजोबा उंच, ताठ, पांढरी दाढी, डोळे मिश्कील. तरुणपणी खजुराच्या गलबतावरून मुंबईला येऊन गेलेले, त्यामुळे हिंदी बोलायचे. "बंबई में मेरा जूता चोरी हुआ," हे त्यांनी मला पहिल्याच वाक्यात सांगितलं, जणू तो शोधून द्यायला मी आलोय.

खजूर आला, हलवा आला. हलवा बोटांनी खायचा; तुपाने आणि वेलदोड्याने माखलेली बोटं मी चोरून चाटली. मग लांब चोचीच्या किटलीतून बिनदुधाचा कहवा आला. चिमुकल्या वाटीत घोटभर.

आता आपल्याकडची रीत. यजमानाने "घ्या ना" म्हटल्याशिवाय आपण कपाला हात लावत नाही. कोणी पुढे केला तर घ्यायचा, खाली ठेवायचा आणि वाट बघायची. आईने आम्हाला चिमटे काढून शिकवलेलं. मी वाटी घेतली, समोर सतरंजीवर ठेवली आणि हात जोडून गप्प बसलो.

किटलीवाला जागच्या जागी थांबला. आजोबांनी हातातला खजूर परत थाळीत ठेवला. मला वाटलं वाटी सांडली की काय, म्हणून मी खाली वाकून बघितलं.

नंदू माझ्या कानाशी आला. "दादा, तू कप खाली कित्याक ठेवलंस?"

"ते घ्या म्हणाक नाय ना!"

"हंयसर पावन्यान कप खाली ठेवलो म्हणजे तेका कायतरी मागूचा आसता. तो मागता आणि यजमान 'पी' म्हणता. 'पी' म्हटल्यान की दिला. नाय दिल्यान तर तो पियाचो नाय. घराची लाज जाता."

मी खमीसकडे बघितलं. तो छताकडे बघत होता. ही रीत त्याला ठाऊक होतीच. त्यानेही एकदा वाटी खाली ठेवून पाहिली होती. पण तो घरचा. आजोबा म्हणाले होते, नको असेल तर राहू दे, मांजर पिईल.

"मेहमान," आजोबा म्हणाले, "बोलो. क्या चाहिए?"

"नाही नाही, कुछ नहीं, आपका सब है," मी म्हणालो. आपली दुसरी रीत. त्यामुळे आजोबांचा चेहरा आणखीच पडला. पाहुणा मागतोही आणि सांगतही नाही, म्हणजे मागणं केवढं मोठं असेल! सालिमला घाम फुटलेला मला दिसत होता. आता मागे फिरायला रस्ता नव्हता.

मी नंदूकडे बघितलं. लहानपणी फणसाच्या झाडावर सगळ्यात वर चढणारा माझा भाऊ मान खाली घालून बसला होता. ते बघून मला राहवलं नाही.

"बाबा," मी म्हणालो, "मेरा भाई आपके पोते की शादी की बत्ती लगाएगा. वो डरता है. वो ऊपर है तब तक आपका बंदूक चुप रखो. बस, इतना ही."

आजोबा बराच वेळ दाढी कुरवाळत होते. मग त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "जब तक नंदू ऊपर, तब तक?"

"हां."

"नीचे उतरा, तो खलास?"

मी मान डोलावली. माझ्या डोक्यात काही शिरलंच नव्हतं.

"पियो," आजोबा म्हणाले. मी कहवा प्यालो. कडू होता, पण मी साखर मागितली नाही. अजून काही मागण्याची हिंमत उरली नव्हती.

बाहेर आल्यावर नंदूने कपाळावर हात मारला. माळा दुपारीच लावून होतात. नवरदेव निघणार संध्याकाळी. म्हातारा आम्हा दोघांना बरोबर गुंडाळून मोकळा झाला होता.

"मग तू खाली येव नको," हमद म्हणाला; शब्द हिंदी होते, अर्थ हाच.

लग्न

घरासमोरच्या मैदानात लोखंडी पाइपांची परांची उभी होती, वर बसायला फळ्या. दुपारी नंदूने माळा खांद्यावर टाकल्या आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. दुसऱ्या पायरीवर तो थांबला. पाठीवरचा सदरा ओला झाला. मी काही बोलणार, तेवढ्यात खमीस एका बाजूला आणि हमद दुसऱ्या बाजूला पाइप धरून उभे राहिले.

"मैं भी कितने दिन शादी में नहीं गया," हमद म्हणाला. "पटाखा बजा तो भी भागता था. फिर ये गधा मेरे साथ आया, दरवाजे तक. फिर अंदर तक. अभी देखो, मैं नाचता है. यल्ला, एक और."

नंदूने एक पायरी चढली. मग आणखी एक. हमद खालून काहीतरी बोलत राहिला, खमीस त्याच्या चुका काढत राहिला, आणि त्यांच्या भांडणाकडे लक्ष देता देता माझा भाऊ वर पोहोचला. मी टाळ्या वाजवल्या. शेवटी, गाडी सोडताना कंडक्टर दोन वेळा घंटी मारतो तसा, पाइपही दोनदा बडवला.

पुढे सगळ्या गावाने मजा बघितली. माळा लागल्या, पेटवून झाल्या. आजोबा चांदीच्या पट्ट्यांची बंदूक खांद्याला लावून खाली आले.

"नंदू, काम हो गया? उतरो."

"नहीं अर्बाब, एक बल्ब ढीला है." मालकाच्या वडिलांनाही नंदू अर्बाबच म्हणायचा.

थोड्या वेळाने पुन्हा. "हो गया?"

"अर्बाब, अभी इधर का ढीला हो गया."

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा पोरंच खालून ओरडली, "ढीला है! ढीला है!" इब्रीचा दाढीवाला तर त्याच्या जिवलगाच्या गळ्यात पडून हसत होता. आजोबांनी कमरेवर हात ठेवले.

"दादा," नंदूने वरून हाक मारली, "मी आता खाली येवचंय नाय. जेवण वर धाड."

वर्षभर ज्याला दुसरी पायरी चढता येत नव्हती तो माणूस आता खाली उतरायला तयार नव्हता. मी दोरीला बांधून भात आणि हलवा वर पाठवला. तो पाय लोंबकळत सोडून जेवला.

ढोल सुरू झाले. पुरुष दोन रांगांत समोरासमोर उभे राहिले, तलवारी हवेत उडवून झेलू लागले. रिकाम्या बंदुका गरगर फिरत होत्या. बाराशिवाय आवाज कमी पडू नये म्हणून मला एक मोठा ढोल गळ्यात घालायला दिला. भजनात पखवाज वाजवणाऱ्या माझ्या हाताने मी तो वाजवला. थोड्याच वेळात ढोलवाल्याने हसून, माझा मान राखून, तो परत घेतला.

नवरदेव दारात आला. कमरेला खंजीर, डोक्याला फेटा, आणि चेहरा असा की बायकोआधी याला पाणी द्यावं. आजोबांनी बंदूक उचलली. ढोल थांबले. मी त्यांच्या शेजारीच होतो. खमीसच्या पद्धतीप्रमाणे त्यांच्या वयाच्या जवळपासचा मीच, म्हणून मला तिथे उभं केलं होतं. खांद्यावर हात ठेवायचं माझ्या लक्षात होतं, पण हात उचलला जाईना.

आजोबांनी वर बघितलं. रोषणाईच्या मधोमध नंदू बसला होता, दोन्ही हातांनी एक दिवा पिळत. तो दिवा छान पेटलेला होता. आजोबा आधी गालात हसले, मग मोठ्याने. त्यांनी काडतूस काढून खिशात टाकलं आणि बंदूक पूर्ण ताकदीने हवेत भिरकावली, ती दिव्यांत चमकत वर गेली, गोल फिरली, आणि या वयात त्यांनी ती एका हाताने झेलली. असा ओरडा झाला की बाराची आठवण कोणाला राहिली नसेल. यूसुफ धावत येऊन, तिकडच्या रीतीप्रमाणे, आजोबांच्या नाकाला नाक लावून उभा राहिला. मीही ओरडत होतो, काय ओरडत होतो ते माहीत नाही.

नंतर आजोबांनी स्वतः कहव्याची किटली आणि एक वाटी दोरीला बांधून वर पाठवायला लावली. नंदूने वाटीत कहवा ओतला. आम्ही सगळे खाली वाट बघत होतो. त्याने वाटी फळीवर ठेवली आणि हात जोडून बसला.

"अब क्या?" आजोबा ओरडले.

"अर्बाब, अगले जुम्मे को बगल वाले गाँव में शादी है," नंदू वरून म्हणाला. "खमीस और हमद जाएगा उन लोग के घर. आप भी साथ में चलो. आपका बात वो लोग सुनेगा."

खमीसने हमदचा हात पकडला. आजोबा वर बघत उभे राहिले, बंदुकीवर दोन्ही हात टेकून. मला शुभांगीची आठवण आली, आणि आपण एकटेच परत जाणार हे त्या क्षणी मला कळलं. त्याचं मला वाईट वाटलं नाही, फार बरं वाटलं.

आजोबांनी बंदूक उचलून हमदच्या उजव्या हातात दिली आणि मान वर केली.

"पियो, नंदू," ते म्हणाले. "ठंडा होता है."